पहाटेचा तास कुणाचा?

नवं वर्ष लागलं की पहाटे उठण्याचे संकल्प सुरू व्हायचे. आता त्यासाठी नव्या वर्षाचीही गरज उरलेली नाही. मोबाईल उघडावा तर कुणीतरी पाच वाजता उठून कोमट पाणी पीत असतं, योगासनं करत असतं, डायरी लिहीत असतं, आणि सूर्य उगवायच्या आत आपण जगाच्या किती पुढे निघून गेलो हे आपल्याला सांगत असतं. रॉबिन शर्मा यांचं ‘द फाइव्ह एएम क्लब’ २०१८ साली आलं. त्याआधी २०१२ साली हॅल एलरॉड यांचं ‘द मिरॅकल मॉर्निंग’ आलं होतं. शर्मा सांगतात, पहाटेच्या पहिल्या तासाचे तीन भाग करा: वीस मिनिटं व्यायाम, वीस मिनिटं चिंतन, वीस मिनिटं शिकणं. एलरॉड यांची यादी सहा गोष्टींची आहे. शांत बसणं, स्वतःला चार चांगले शब्द बजावणं, जे व्हायचं ते डोळ्यांपुढे आणणं, व्यायाम, वाचन आणि लेखन. आता ही भाषा पुस्तकांपुरती राहिलेली नाही. कोचिंग क्लासच्या भाषणांत, कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये आणि विद्यापीठांतल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांतही तीच ऐकू येते.

सल्ला म्हणून यात वाईट काही नाही. दिवसाचा पहिला तास शांत मिळाला, त्यात शरीर थोडं हललं, चार पानं वाचून झाली, तर कुणाचंही भलंच होईल. माझा आक्षेप या सल्ल्याला नसून त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे. जो पहाटे उठला तो पुढे गेला, म्हणजे जो मागे राहिला तो झोपून राहिला असणार, असा तो निष्कर्ष. ज्या समाजात मागे राहिलेल्यांना शतकानुशतकं आळशी, बेशिस्त आणि फुकटखाऊ म्हटलं गेलं, त्या समाजात हे वाक्य निरागस राहत नाही. ‘मेरिट’ या शब्दाने आरक्षणाच्या वादात जे काम केलं, तेच काम आता ‘मॉर्निंग रूटीन’ करू लागलं आहे. परिस्थितीचा हिशोब बाजूला ठेवायचा आणि माणसाच्या स्वभावात खोट काढायची.

पहाटे उठण्यानेच माणूस मोठा होत असता, तर या देशातले सगळ्यात यशस्वी लोक कोण असते, याचा एकदा विचार करून पाहा. बंगळुरूच्या पौरकार्मिक, ज्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, शहर जागं होण्याआधी झाडू घेऊन रस्त्यावर असतात. बीडहून साखरपट्ट्यात गेलेल्या ऊसतोड जोडप्यातली बाई अंधारातच भाकरी थापून, लेकरू पाठीशी बांधून फडात उतरते. मुंबईत घरकाम करणाऱ्या कितीतरी बाया पहाटेची लोकल पकडतात, कारण त्यांच्या मालकिणीला सात वाजता जिमला जायचं असतं. ज्या वस्तीत संडास नाही तिथली बाई उजाडण्याआधी उठते ती ध्यानासाठी नव्हे, अंधार असेपर्यंतच तिला बाहेर जाता येतं म्हणून. हे सगळे लोक ‘फाइव्ह एएम क्लब’चे जुने सभासद आहेत. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही, कारण त्यांची पहाट त्यांच्या स्वतःच्या प्रगतीसाठी नव्हती. ती दुसऱ्याच्या सोयीसाठी होती.

यातली एक पहाट मी जवळून पाहिली आहे. मी लातूरची. लातूर म्हणजे कोचिंग क्लासेसचं गाव. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला मराठवाडाभरातून आणि बाहेरूनही मुलं इथे येऊन राहतात. अशाच मुलांना डबे देणाऱ्या एका खानावळीत माझी आई कामाला होती. मुलं पाचला उठून अभ्यासाला बसायची, त्यांना सातच्या क्लासआधी नाश्ता हवा असायचा, म्हणून आई साडेतीनला उठायची. तिच्याकडे काम होतं भांड्यांचं. कणकेला आणि तव्याला हात लावायचं काम दुसऱ्या बायांकडे होतं. ते तसं का, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. वस्तीचं नाव सांगितलं की पुढचं सगळं आपोआप ठरत असे. त्या खानावळीत जेवून गेलेल्या मुलांपैकी कितीतरी आज डॉक्टर असतील आणि आपल्या यशाचं श्रेय ते पहाटेच्या शिस्तीला देत असतील. ते खोटंही नाही. फक्त त्या शिस्तीच्या दीड तास आधी आणखी कुणीतरी उठत होतं, एवढंच त्या गोष्टीत येत नाही.

पहाटेचं हे वाटप आजचं नाही. सूर्योदयाच्या सुमारे दीड तास आधी सुरू होणाऱ्या ४८ मिनिटांना ‘ब्राह्ममुहूर्त’ म्हणतात आणि हल्ली हा शब्द आरोग्याच्या रील्समध्ये फारच चालतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, शिक्षण संपवून संसारात आलेल्या द्विजाला हीच सूचना आहे: ब्राह्ममुहूर्तावर उठावं आणि धर्म-अर्थाचं चिंतन करावं. त्याच मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात शूद्राला एकच कर्म नेमून दिलं आहे, वरच्या तीन वर्णांची सेवा, तीही कुरकुर न करता. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली तर चित्र स्पष्ट होतं. एकाने पहाटे उठून विचार करायचा, दुसऱ्याने पहाटे उठून पहिल्याचं अंगण, गोठा आणि पाणी पाहायचं. उठायचं दोघांनीही. चिंतनाचा अधिकार मात्र एकालाच. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात माणसांबरोबर दिवसाच्या प्रहरांचीही वाटणी होती.

पेशवाईतल्या पुण्यात तर सकाळच काही जातींना बंद होती. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’मध्ये नोंदवलं आहे की सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत यायला मनाई होती. कारण या वेळी सूर्य कलता असतो, सावल्या लांब पडतात आणि लांब सावली ब्राह्मणावर पडण्याची भीती जास्त. समाजशास्त्राच्या वर्गात हा दाखला आम्हाला अस्पृश्यतेचं उदाहरण म्हणून शिकवला गेला. मला तो वेळेच्या मालकीचं उदाहरण वाटतो. शहरातली सकाळ आणि संध्याकाळ वरच्यांची. खालच्यांना डोक्यावरच्या उन्हाचे सहा तास, तेही कामासाठी.

बायकांची पहाट आणखी वेगळी. गिरणी येण्याआधी महाराष्ट्रातल्या गावोगावी पहाटेचा पहिला आवाज जात्याचा असे. दळण दळताना बायांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने अशा लाखभर ओव्या गोळा झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. त्यांत सासर-माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, आणि बाबासाहेबही आहेत. पहाटेच्या एकांतात लेखन करा, असं आजची पुस्तकं सांगतात. या बायांनी हात मोकळे नसताना, दुसऱ्या हाताने जात्यात धान्य टाकत रचना केली. पण त्यांना कुणी साहित्यिक म्हटलं नाही आणि त्यांच्या त्या तासाला कुणी ‘आत्मविकास’ म्हटलं नाही. दळण म्हणजे काम, आणि ओवी म्हणजे कामाचा शीण घालवण्याचा उपाय, एवढीच त्याची गणना झाली.

मग पहाटेच्या या तासाबद्दल जातिअंताच्या चळवळीचं काही म्हणणं आहे का? माझ्या मते आहे, आणि ते फार जुनं आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवलं. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. त्या काळात गिरण्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालत. निवेदनातल्या मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, पगार वेळेवर मिळावा, अपघात झाला तर भरपाई मिळावी. रविवारच्या सुट्टीची मागणी १० जून १८९० रोजी मान्य झाली. साडेसहाच्या मागणीकडे मात्र आपण फारसं लक्ष देत नाही. उजाडणं आणि साडेसहा यांच्यामध्ये जो थोडासा वेळ असतो, तो मालकाचा नसावा, कामगाराचा असावा, असं ती मागणी म्हणत होती. पहाटेच्या तासावरचा हक्क म्हणून मी तिच्याकडे पाहते.

हीच मागणी पुढे बाबासाहेबांनी सरकारात बसून लावून धरली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतल्या कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. आज वारं उलट दिशेने वाहतं आहे. २०२३ साली नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं आणि त्यावर टाळ्याही पडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असं सांगितलं जातं. पण बारा तास उभं राहून, दीड-दोन तास प्रवास करून घरी आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून ‘स्वतःवर काम कर’ असं सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे.

आता आपल्या घरातल्या आक्षेपाकडे येते. आपले अनेक कार्यकर्ते, शिक्षक आणि काका-मामा म्हणतील, ‘पोरी, हे सगळं खरं असलं तरी ही सबब झाली. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे.’ एप्रिल महिन्यात महाराष्ट्रातल्या कॉलेजांत, अभ्यासिकांत, वस्तीतल्या सभागृहांत ‘सलग १८ तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. मीही त्यात बसले आहे. जयंतीला डीजेऐवजी पुस्तक घेऊन बसलेली शंभर-दोनशे मुलं-मुली पाहून ऊर भरून येतो, यात शंका नाही. त्या परंपरेचा मला अभिमान आहे. म्हणूनच ती नीट समजून घ्यावी असं वाटतं.

बाबासाहेबांच्या अभ्यासाची जी गोष्ट धनंजय कीर यांच्या चरित्रात येते, ती आठवून पाहा. परळच्या चाळीतली एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, झोपणं, सामान, माणसं. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलला शिकणारा. दिवसा अभ्यासाला जागाही नाही आणि शांतताही नाही. मग रामजी सुभेदारांनी तोड काढली. भिवाने संध्याकाळी लवकर झोपायचं. स्वतः रामजींनी रात्री दोनपर्यंत जागं राहायचं, दोनला मुलाला उठवायचं आणि मगच स्वतः पाठ टेकायची. काच नसलेल्या, फडफडणाऱ्या दिव्याच्या उजेडात मुलगा उजाडेपर्यंत वाचत बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला.

ही गोष्ट आपण नेहमी मुलाच्या जिद्दीची म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण त्यात आणखी तीन गोष्टी आहेत ज्या सांगायच्या राहून जातात. पहिली, मुलाची झोप मोडली नव्हती, ती पुढे सरकवली होती. दोनला उठायचं म्हणून तो आधीच झोपलेला असे. दुसरी, खोली एकच होती, म्हणून त्यांनी खोलीऐवजी वेळ वाटून घेतला. तिसरी आणि सगळ्यात मोठी, तो तास मुलाला मिळावा म्हणून एक म्हातारा होत चाललेला माणूस रात्री दोनपर्यंत डोळे उघडे ठेवून बसला होता. घड्याळाचा गजर लावला आणि एकटा उठला, असं तिथे घडलं नाही. बाबासाहेबांची ती पहाट रामजींनी स्वतःच्या झोपेतून काढून दिलेली होती.

पुढच्या आयुष्यात बाबासाहेब रात्रीचेच माणूस राहिले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही दिल्लीच्या घरी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी तपासण्यासाठी जवळ मागून घेतले होते. म्हणजे पाच वाजता उठणं हाच विद्वत्तेचा मार्ग, असा पुरावा त्यांच्या आयुष्यात मिळत नाही. मिळतो तो हा, की अखंड, कुणी मध्ये न येणारा वेळ ते वाट्टेल त्या प्रहरातून काढत राहिले. आणि त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. मधुमेह आणि पायांचं दुखणं यांनी शेवटची वर्षं त्यांना छळलं. आपण १८ तासांचा आकडा घेतला, शरीराची ती किंमत घेतली नाही. आपल्या मुलांना आदर्श म्हणून देताना ती बाजूही सांगायला हवी.

झोपेचं विज्ञानही याच दिशेने बोलतं. शरीरातलं घड्याळ कसं चालतं याच्या शोधाला २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. कुणाला पहाटे तरतरी येते, कुणाला रात्री, यात अनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि विशीच्या आसपास हे घड्याळ साधारणपणे उशिराकडेच सरकलेलं असतं. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. रात्री एकला निजून पाचला उठणं ही शिस्त नव्हे, झोपेची उसनवारी आहे.

ही उसनवारी कुणावर जास्त आहे, याबद्दल चेन्नईत झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२१ साली तो ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नईतल्या कमी उत्पन्नाच्या ४५२ स्त्री-पुरुषांच्या मनगटावर झोप मोजणारं यंत्र बांधलं गेलं. ते अंथरुणात सुमारे आठ तास असायचे, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपास व्हायची. उकाडा, डास, आवाज, गर्दी, दिवे, काळज्या, यांमुळे झोप सतत तुटायची. मग काहींना चांगली गादी, पंखा, कानात घालायचे बोळे वगैरे देऊन आणि अधिक झोपण्यासाठी प्रोत्साहन देऊन रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढवली. तेवढ्याने कामात किंवा मनःस्थितीत विशेष फरक पडला नाही, कारण तुटक झोप लांबली तरी तुटकच राहिली. मात्र ज्यांना कामाच्या ठिकाणी शांत जागेत दुपारी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, त्यांची कामाची गती, एकाग्रता आणि मनाची अवस्था सुधारली.

या अभ्यासाचा अर्थ आपल्या वस्त्यांना लावून पाहा. पत्र्याच्या खोलीत, रस्त्याच्या कडेला, सहा माणसांत झोपणाऱ्या मुलीला ‘लवकर उठ’ म्हणण्याआधी तिला सलग झोप मिळते का, हे विचारायला हवं. आणि दुपारी टेबलावर डोकं टेकणारा शिपाई किंवा झाडाखाली आडवा झालेला सफाई कामगार दिसला की ‘बघा, कामाच्या वेळी झोपतात’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की ती अर्ध्या तासाची डुलकी कदाचित त्याच्या अख्ख्या दिवसातला सगळ्यात उपयोगी वेळ असेल. १८८४ सालच्या निवेदनात लोखंड्यांनी दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीच मागितली होती.

घराच्या आतही हा हिशोब मांडायला हवा, कारण तिथे आपलीही माणसं सुटत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. फरक दिवसाला तीन तासांहून जास्त आहे. आमच्या घरी नळाला पाणी यायचं ते पहाटे, आणि हंडे भरायचं काम माझं आणि बहिणीचं. भाऊ उठायचा तेव्हा रांजण भरलेला असायचा आणि तो सरळ पुस्तक घेऊन बसायचा. तो अभ्यासू होता, आजही आहे, आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे. पण आमच्या दोघांच्या पहाटे एकाच घड्याळावर असूनही एकसारख्या नव्हत्या. स्पर्धा परीक्षा देणारा भाऊ पाचला उठला की घरात त्याला चहा मिळतो. तीच परीक्षा देणारी बहीण पाचला उठली की तिला चहा करायला सांगतात. जातिअंताची भाषा बोलणाऱ्या घरांत हे बदललं नाही, तर रामजींची गोष्ट आपण फक्त मुलग्यांना सांगितली असं होईल.

मग पहाटे उठू नये का? जरूर उठावं, ज्याला जमतं आणि मानवतं त्याने. मी गेली चार वर्षं पीएचडी करते आहे आणि वेळेला बांध घातल्याशिवाय प्रबंधाचं एक पानही पुढे सरकत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. फेलोशिप महिनोन्महिने अडकते, मेसचं बिल थांबत नाही, गाईडची वेळ मिळत नाही, घरून फोन येतात. अशा दिवसांत ज्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही असा एक तास हाताशी असणं, याने माणूस तगतो. माझा तो तास सकाळी सहा ते सात आहे, कारण वसतिगृहाची वाचनखोली तेव्हा रिकामी असते. माझ्या एका मैत्रिणीचा तो रात्री दहा ते अकरा आहे, कारण दिवसभर ती एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. तिची रात्र माझ्या सकाळीपेक्षा कमी दर्जाची नाही.

म्हणून आपल्या मुला-मुलींना सांगायचं झालं तर मी एवढंच सांगेन. आधी झोप राखा. उठायची वेळ ठरवण्याआधी निजायची वेळ ठरवा, कारण रामजींनीही तेच केलं होतं. तास कुठलाही निवडा, पण रोज तोच ठेवा, म्हणजे घरच्यांनाही कळतं की या वेळी हिला हाक मारायची नाही. त्या तासात मोबाईल दूर ठेवा. दुसऱ्यांची पहाट बघण्यात आपली पहाट घालवण्यासारखं नुकसान नाही. तासभर जमत नसेल तर वीस मिनिटं चालतील. अंगाला थोडा व्यायाम, मनाला थोडी शांतता, चार पानांचं वाचन, एवढं त्यात मावतं. एखाद्या दिवशी चुकलं तर स्वतःला शिव्या देऊ नका. ते काम करायला जग पुरेसं आहे.

बुद्धाच्या काळातला सोण नावाचा भिक्खू साधनेच्या अट्टहासापायी चालून चालून पायातून रक्त येईपर्यंत राबला आणि तरीही काही हाती लागलं नाही म्हणून निराश झाला. बुद्धाने त्याला तो गृहस्थ असताना वाजवत असलेल्या वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरी लागत नाही. ज्यांच्या पूर्वजांना राबराब राबवलं गेलं, त्यांनी आता मुक्तीच्या नावाखाली स्वतःलाच तसं राबवू नये, असा मी त्याचा अर्थ घेते.

उरलेलं काम एकट्याने करायचं नाही. वस्तीतल्या विहाराची खोली पहाटे पाचला आणि रात्री अकरालाही अभ्यासासाठी उघडी राहील, मुलींनाही तिथे निर्धास्त येता-जाता येईल, याची जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे. नगरपालिकेच्या अभ्यासिकेत पंखा, दिवा आणि स्वच्छ संडास हवा. समाजकल्याणच्या वसतिगृहातली जागा, स्वाधारची रक्कम आणि संशोधकांची फेलोशिप वेळेवर मिळणं ही नुसती पैशांची मागणी नाही, ती वेळेची मागणी आहे. पैसे अडकले की विद्यार्थी पार्टटाइम नोकरी धरतो आणि त्याचा अभ्यासाचा तास जातो. सफाई कामगाराला दुपारची विश्रांती आणि बसायला सावली मिळणं हाही त्याच मागणीचा भाग आहे. १८ तास अभ्यासाचा उपक्रम करणाऱ्या मंडळांनी वर्षातले १८ तास साजरे करावेतच. पण वस्तीतल्या प्रत्येक मुला-मुलीला रोजचा एक तास कसा मिळेल, याची यादी त्याच दिवशी करावी. कुणाच्या घरी जागा नाही, कुणाच्या घरी पाणी भरायचं आहे, कुणाला धाकटी भावंडं सांभाळायची आहेत, हे वस्तीला माहीत असतं. त्यावर तोडही वस्तीच काढू शकते.

यापुढे कुणी तुम्हाला ‘सकाळी किती वाजता उठता?’ असं विचारलं, तर वेळ जरूर सांगा, आणि त्याला परत एक प्रश्न विचारा: ‘तुम्ही उठता तेव्हा तुमच्या घरात आधीपासून कोण जागं असतं?’

जय भीम.